सरांचा नाल्यातला लव्हाळा

आमच्या कॉलेजातलं हर्बेरियमचं, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचं, कपाट उघडलं की डांबरगोळ्यांच्या वासाआधी किस्से बाहेर पडतात! आता हाच कागद बघा. वाळवून चिकटवलेला एक लव्हाळा, खाली ‘चांदा शहर, कोटाबाहेरचा नाला’ आणि आमच्या सरांचं नाव. एकोणीसशे पन्नासच्या नंतरची गोष्ट. मी सरांचा डेमॉन्स्ट्रेटर. ही जात शहरात कुणी नोंदवलीच नव्हती. पण पिकलेल्या फळांशिवाय ओळख पक्की होईना, आणि नगरपालिका तर नाला बुजवायला निघालेली. सरांची झोप उडाली.

*

सर रोज सकाळी भिंग घेऊन नाल्याकाठी उकिडवे बसत. एकानं विचारलं, "काय हारपलं जी, गुरुजी?"

"हरवलं नाही, सापडलंय!"

झालं! बघता बघता अर्धा मोहल्ला चिखल चाळायला लागला. सर बिचारे हात पसरून रोपाभोवती उभे.

*

रोपं दाबायचा प्रेस अपुरा पडला, म्हणून सरांनी फुलावर आलेले नमुने पाहुण्यांच्या गादीखाली सारले. वर झोपले सावली गावाहून आलेले सासरे, चांगले भरभक्कम. सकाळी ते निघाले तर सर म्हणतात, "राहा ना अजून, नाहीच जायचं!"

सासऱ्यांचे डोळे भरून आले. "असा आग्रह करणारा जावई नशिबानं भेटते!"

*

ओल टिपायला रोज कोरडे पेपर लागत. कोपऱ्यावरचा न्हावी आपल्या दुकानातला पेपर द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी विचारायचा, "गुरुजी, गवताचा पेपर वाचून झाला काय?"

खरं सांगतो, या गावानं आम्हाला हसून हसून सांभाळलं.

*

फळं पिकत आली आणि नेमक्या नाला बुजवायला मुरमाच्या बैलबंड्या आल्या. सर हात जोडत होते, नगरपालिकेचा जमादार ऐकेना. तेवढ्यात चंद्राबाई गवळणीनं आपल्या म्हशी आणून बंड्यांच्या वाटेतच बसवल्या.

"बाई, म्हशी उठव!"

"दुधाचं जनावर हाये जी. तुमीच समजवा तिले!"

फळं पिकेपर्यंत बाईनं रोज हाच तमाशा केला. नमुना हाती आला तेव्हा सर तिच्यापुढे वाकले. "बाई, तुमचे उपकार कसे फेडू?"

"ते राहू द्या जी. कायचं औषध हाये हे, तेवढं सांगा."

"औषध? कशाचंच नाही."

बाईनं लव्हाळ्याकडे पाहिलं, मग सरांकडे. म्हणाली, "मंग बरं झालं, पयले नाई इचारलं!"