डेपोचे कान

वडूजच्या स्टँडवर सांगलीची गाडी लागली, तेव्हा आप्पांनी डेपोला, आमच्या कुत्र्याला, दोन्ही गुडघ्यांत आवळून धरलं होतं. मी खिडकीतून हात हलवला. डेपोनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, त्याचं सगळं लक्ष शेजारी भजी खाणाऱ्या माणसाकडे. आधी राग आला आणि गाडी हलल्यावर रडू आलं. "काळजी करू नगं, आमी दोघं हाय न्हवं एकमेकाला," आप्पा ओरडून म्हणाले. मी कुणाला कुणाच्या हवाली करून निघाले होते, ते मलाही नीट सांगता आलं नसतं.

आप्पा म्हणजे माझे वडील, एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले मेकॅनिक. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघं आणि डेपो. तो आप्पांना नोकरीच्या शेवटच्या वर्षी एका उभ्या गाडीखाली सापडला, म्हणून नाव डेपो. मला माधवनगरला कापडाच्या कारखान्यात नोकरी लागली आणि मी निघाले.

निघताना एक यादी लिहून मीटरच्या खिळ्याला अडकवली होती. रेबीजचं इंजेक्शन कधी, जंताचं औषध कधी, कोंबडीची हाडं घालायची नाहीत, तिखट कालवण नाही, फिरायला नेताना साखळी लावायची, आणि तळाला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंचा नंबर. आप्पांनी चष्मा लावून सगळं वाचलं. "गाडीच्या लॉगशीटवर बी एवढं नसतंय गं," म्हणाले. पण इंजेक्शनाची तारीख त्यांनी एकदाही चुकवली नाही. स्वतःच्या बीपीची गोळी मात्र चुकवायचे.

त्या यादीत गोचीड नव्हते. रोज संध्याकाळी डेपोला पुढ्यात घ्यायचं, कान, काखा, बोटांच्या फटी चाचपायच्या, गोचीड सापडला की चिमट्यानं अगदी कातडीलगत धरून सरळ ओढायचा आणि साबणाच्या पाण्यात टाकायचा. हे मी इतकी वर्षं केलं, की ते एक काम आहे हेच विसरून गेले होते. हात जे आपोआप करतात ते कागदावर उतरत नाही. घर सोडून आलेल्या तुम्हा सगळ्यांना विचारते, तुमच्या यादीत काय राहिलं होतं? माझं काय राहिलं ते कळायला सात महिने लागले.

माधवनगरला माझं काम कापड तपासण्याचं. टेबलावरून ताग्याचं कापड सरकत राहतं आणि बोटांनी गाठी, तुटके धागे शोधायचे. सुपरवायझर म्हणतात, तुमच्या बोटांना डोळे आहेत. त्यांना काय सांगू, ही बोटं कशावर तयार झाली! डेपोला इकडे आणायचा विचार होता, पण घरमालकीण काकूंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "पावणे कितीबी आण, कुत्रं न्हाई." मग व्हिडिओ कॉलवर भागवायचं. आप्पा फोन इतका जवळ धरायचे, की कधी नुसती मिशी दिसायची, कधी नुसतं नाक.

एका रविवारी असाच डेपोचा कान दिसला. कानाच्या आतल्या बाजूला करडे, टपोरे गोचीड दाटीनं बसलेले. गोचीडतापानं आमच्या आळीतलं एक कुत्रं आठ दिवसांत गेलेलं मी पाहिलं होतं. भीती वाटली की मी रागावते, तशी तेव्हाही रागावले. "आप्पा, एवढं बी हुईना व्हय तुमच्यानं? काय तरी करा की!" म्हटलं आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला मी टेबलावर होते, तेव्हा आप्पांचा फोन आला.

"डेपो लटलट कापाय लागलाय. तोंडातनं लाळ गळतीया."

"काय घातलंसा खायाला?"

"खायाला न्हाई गं. औषध लावलं. तूच म्हणलीस न्हवं, काय तरी करा."

शेजारच्या गोठ्यातून त्यांनी म्हशींना लावायचं गोचीडाचं औषध आणलं होतं. ते बादलीभर पाण्यात थोडंसं टाकून वापरतात. पण आप्पांचा जन्म गिअरबॉक्सचं ग्रीस काढण्यात गेलेला. "पाणी घातलं की मालाला जोर ऱ्हात न्हाई," म्हणाले. फडकं भिजवून त्यांनी ते तसंच, बिनपाण्याचं, डेपोच्या अंगाला चोळलं होतं. आणि डेपो तासभर अंग चाटत बसला होता.

मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि त्या सांगतील ते आप्पांना सांगत गेले. हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधा. साधा साबण लावून भरपूर पाण्यानं धुवा. चाटू देऊ नका.

"दूध पाजू का? तूप?" आप्पांचा आवाज बारीक झाला होता. आमच्याकडे विषावर पहिलं तेच आठवतं.

"आवं, काय बी पाजू नका! उलटी बी काढू नका. धुवा आन् रिक्षात घालून दवाखान्यात न्या. बाटली संगं घ्या."

सुपरवायझरना वडील आजारी आहेत असं सांगितलं. कुत्र्यासाठी कुणी सुट्टी देत नाही, आणि तसं पाहिलं तर ते अगदीच खोटंही नव्हतं.

मिळाली ती एसटी पकडली. विट्यापर्यंत आप्पांनी तीन वेळा फोन उचलला नाही. मायणीच्या अलीकडे तर फोनला रेंजच नव्हती. मी मांडीवरच्या पिशवीचे बंद सोडत होते, बांधत होते. डेपोला भाकरी घालायची म्हणून आप्पा दुपारी चूल पेटवतात, हे मला ठाऊक होतं. त्याला फिरवायचं म्हणून पायात चप्पल घालतात. तो गेला तर ते उठतील कशासाठी? मी कुत्रा आप्पांच्या भरवशावर सोडलाय असं सगळ्यांना सांगत आले. खरं तर आप्पांना कुत्र्याच्या भरवशावर सोडून मी निघून आले होते. आणि त्यांना डिवचणारं वाक्य माझंच होतं.

दवाखान्याच्या पायरीवर आप्पा बसले होते. शर्ट ओलाचिंब, आणि हातांवर त्या प्लास्टिकच्या पिशव्या अजून तशाच बांधलेल्या.

"मीच मारला असता गं त्याला," ते म्हणाले.

"तुमी न्हाई आप्पा. मी बोलले म्हणून झालं. चुकलं माझं."

त्यांच्या हातांवरच्या पिशव्यांच्या गाठी मीच सोडल्या. आतली बोटं पांढरी पडली होती, सुरकुतली होती.

डॉक्टरीणबाई सलाईनजवळ उभ्या होत्या. "विष अंगात जेवढं भिनायचं तेवढं भिनलंय. संध्याकाळपर्यंत झटके आले नाहीत तर जगेल," त्या म्हणाल्या. "धुवून आणलंत ते बरं केलंत, दूध पाजलं नाहीत ते त्याहून बरं. आता पुढच्या वेळेला कुत्र्याचंच औषध, त्याच्या वजनाच्या मापानं, आणि मला विचारून."

आप्पा शाळेतल्या पोरासारखी मान हलवत होते. आम्ही दोघं बाकावर बसून डेपोच्या पोटाकडे बघत राहिलो, वर-खाली होतंय की नाही. पाचच्या पुढे कापरं थांबलं. त्यानं मान उचलली, मला पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि माझी पिशवी हुंगली. भजी नव्हती म्हणून पुन्हा डोळे मिटले. मी तिथेच, सगळ्यांदेखत, हसले आणि रडले.

यादीत आता एक ओळ वाढली आहे, आप्पांच्या अक्षरात. दर रविवारी सकाळी ते फोन कट्ट्यावर तांब्याला टेकवून ठेवतात आणि डेपोला पुढ्यात घेतात. फोनच्या पडद्यावर सगळा कानच दिसतो. मी इकडून सांगते, आता मागची बाजू, आता काख, आता बोटांच्या फटी. काकू दारातून डोकावून विचारतात, घरी बोलतीस व्हय? मी हो म्हणते. त्यांना दिसतो तो नुसता एक कान.

डॉक्टरीणबाईंच्या औषधानं हल्ली गोचीड फारसे सापडत नाहीत. परवा मी म्हटलं, "आप्पा, आता तुमाला सगळं जमतंय की. मी सांगायची काय गरज न्हाई."

आप्पांनी कान उलटा करून प्रकाशात धरला. "गरज न्हाईच," म्हणाले. "पण तू फोन ठेवू नगंस."