साक्षीदार घरातलाच हवा

आत्या सही करायच्या आधी हात धुते. दिवसभर शिलाई मशीनचं तेल बोटांना असतं, कागद खराब व्हायला नको म्हणून. त्या दिवशीही तिने हात धुतले, टॉवेलला पुसले आणि स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला. खरं तर तो तिला मारायला लावला. लावणारा माझा सख्खा बाप.

तीस वर्षं ती घराच्या मागच्या खोलीत शाळांचे गणवेश शिवत होती. लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलंच तर म्हणते, माप दे आणि निघ. आजोबांची शेवटची नऊ वर्षं, अंघोळीपासून औषधांपर्यंत, तिनेच काढली. बाबा रविवारी यायचे, उशी सारखी करायचे, उपदेशाचे डोस पाजायचे आणि जायचे. मी त्यांच्याबरोबर यायचे आणि मोबाईलमध्ये डोकं घालून बसायचे, तेही सांगून टाकते.

आजोबा दूधखुळे नव्हते. कोपऱ्यावरच्या वकिलांना घरी बोलावून त्यांनी मृत्युपत्र सांगितलं: मागची खोली मुलीला, बाकी सगळं मुलाला. वकिलांनी ते टाईप करून बाबांच्या हाती पाठवलं. सहीला दोन साक्षीदार लागतात. एक शेजारचे डॉक्टर झाले. वकिलांचा कारकून दुसरी सही करायला तयार होता, पण बाबांनी नाक मुरडलं. घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर कशाला, साक्षीदार घरातलाच हवा, म्हणाले. आणि आत्याला हाक मारली. मी तिथेच होते. मला वाटलं, बघा, बहिणीवर किती विश्वास.

आजोबा गेल्यावर आम्ही तिघं तोच कागद घेऊन वकिलांकडे गेलो. त्यांनी शेवटचं पान पाहिलं, चष्मा काढला आणि आत्याकडे बघतच राहिले. ज्याला काही मिळायचंय त्याने साक्षीदार म्हणून सही केली, तर त्याचा हिस्सा जातो, असं त्यांनी सांगितलं. खोली आता ‘बाकी सगळं’मध्ये, म्हणजे बाबांकडे.

“मी वर चिठ्ठी टाचली होती,” वकील म्हणाले. “हेच लिहिलं होतं.”

पहिल्या पानाच्या कोपऱ्यात पिनेची दोन भोकं होती. चिठ्ठी नव्हती.

बाबा म्हणाले, पडली असेल कुठेतरी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वीजबिलाचा कागद इकडचा तिकडे झाला तर घर डोक्यावर घेणारा हा माणूस! मी म्हटलं, मग खोली आता तिच्या नावावर करून द्या ना. त्यावर ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “कायद्यापुढे माझं काय चालतं? राहू दे की तिला. कोण नको म्हणतंय?”

राहू दे! जिने बापाला नऊ वर्षं भरवलं तिला राहू दे! आणि पुढेमागे ती खोली कुणाकडे येणार, तर माझ्याकडे. मला माझीच लाज वाटली.

आत्याने पंधरा दिवसांत लाँड्रीच्या मागे एक गाळा घेतला, मशीन टेम्पोत चढवलं आणि बाबांना फोन केला की वकिलांकडे ये, सही हवी आहे. खोलीवरचा हक्क सोडल्याचा कागद असेल, या आशेने बाबा इस्त्रीचा शर्ट घालून हजर झाले.

कागद आत्याच्या मृत्युपत्राचा होता. मशीन, कात्र्या, पुढे जे काही कमावेल ते, सगळं मला. वकिलांचा कारकून दुसरा साक्षीदार म्हणून पेन काढून उभाच होता.

आत्या कोपऱ्यातल्या बेसिनवर हात धुऊन आली. स्वतःची सही केली आणि कागद बाबांपुढे सरकवला.

“घे दादा. साक्षीदार घरातलाच हवा. आणि या वेळी चिठ्ठी मी वाचलीये. सही करणाऱ्याला काही मिळत नाही.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना पेन दिलं.