धरायचं कुठं

सात जण दोन्ही हात वर करून उभे होते. पोलिसांची धाड पडल्यासारखे. कंपनीच्या क्रीडादिनाला कबड्डीत मी चढाईला गेलो होतो आणि समोरचे सातच्या सात पुरुष हात डोक्यावर नेऊन मागे मागे सरकत होते. हसत होते. त्यांचा कप्तान, ऑफिसात आमच्याच मजल्यावर बसणारा टीम लीड, बघणाऱ्यांकडे वळून ओरडला, "अरे, हिला धरायचं कुठं, ते तरी सांगा!"

मैदान हसलं. रांगोळी आणि लिंबू-चमचा आटोपून आलेल्या बायकाही हसल्या.

माझा दम चालू होता. दम चालू असताना दुसरं काही बोलता येत नाही, ही कबड्डीतली मोठी पंचाईत. शिवी घशापर्यंत आली आणि कबड्डी कबड्डी होऊन बाहेर पडली. मी पुढं घुसलो. एकाला शिवलो. दुसऱ्याला शिवलो. कोपऱ्यात सापडलेल्या कप्तानाच्या खांद्यावर सणसणीत थाप मारली आणि मध्यरेषा ओलांडून परत आलो. तीन पॉइंट.

एचआरचा साहेब गळ्यात शिट्टी अडकवून पंच झाला होता. हसू आवरत म्हणाला, "हे धरायचं नाही हं. फ्रेंडली मॅच आहे ना. चला, पुढची चढाई."

मला धरलं नाही. माझे पॉइंटही धरले नाहीत.

याच साहेबानं मागच्या आठवड्यात मला केबिनमध्ये बसवून कॉफी पाजली होती. मी त्याला सगळं सांगितलं होतं. जन्मल्यावर मुलगी म्हणून नोंद झाली, कागदावर अजून तेच आहे, पण मी मुलगा आहे. शाळा-कॉलेजात मुलींच्या संघातून खेळलो, कारण दुसरा संघच नव्हता. आता मला माझ्या संघातून खेळायचंय. तो मान डोलावत होता. "तू बिनधास्त खेळ. आपली कंपनी इन्क्लुजिव्ह आहे," म्हणाला. कँटीनमध्ये सप्तरंगी पोस्टर लावलेलं होतं. त्याच्याखाली उभा राहून मी स्वतःचा फोटोही काढून घेतला होता. मूर्खासारखा.

आमचं घर बौद्ध. पणजोबा रस्त्यानं जायला लागले की गावातले लोक असेच मागे सरायचे, हे मी आजोबांकडून ऐकलेलं. शिवू नये म्हणून. ते लोक निदान हसत तरी नसत. इथं परदेशी जाऊन आलेले, इंग्रजीत शिंकणारे इंजिनियर हात वर करून मागे सरकत होते आणि त्याला विनोद म्हणत होते. मला किळस आली. राग नंतर आला, आधी किळसच.

मॅच संपल्यावर साहेबानं पाठीवर हात ठेवला. "मनाला लावून घेऊ नकोस. पुढच्या वर्षी तू पंच हो."

मी तेव्हा पुण्यात बिबवेवाडीत राहत होतो. खाली मालक काका-काकू, वर आम्ही तिघं भाडेकरू. दारावर पाटी: 'फक्त मुलींसाठी. विनाकारण बेल वाजवू नये.' मुलींच्या जागेत का राहत होतो, असं कुणी विचारलं तर सांगतो. त्याआधी येरवड्याला मुलांच्या कॉटबेसिसवर चौकशी केली होती. मालकानं आधारकार्ड बघितलं, मग मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "आपल्याला काही प्रॉब्लेम नाही. पण पोरं आहेत, उद्या काही झालं तर मी जबाबदार नाही." काय होऊ शकतं ते त्याला ठाऊक होतं. मलाही. काकूंच्या घरी न्हाणीला आतून कडी होती आणि ती नीट लागत होती. छातीला करकचून बांधलेला पट्टा दिवसातून एकदा सोडायला तेवढी कडी लागते माणसाला.

काकू मराठीच्या निवृत्त शिक्षिका. पहिल्याच दिवशी त्यांनी माझं 'आलो' पकडलं. "अगं, आलो काय? आले म्हणावं."

मी म्हणालो, "काकू, आमच्या कोल्हापूरकडं बायका असंच बोलतात."

खोटं नव्हतं. माझी आई जन्मभर तसंच बोलत आली. मी जेवलो, मी बाजारला गेलो, मी दमलो बाई. तिला कुणी कधी घराबाहेर काढलं नाही. काकूंना तर ते भारीच आवडलं. आल्या-गेल्याला सांगायच्या, "ही आमची कोल्हापूरची. बोलणं पुरुषी, पण मन स्वच्छ आहे हो." आले आणि आलो यांत एका कान्याचा फरक. त्या कान्याच्या आडोशाला मी राहत होतो. आई फोनवर "जेवलीस का?" विचारायची. मी म्हणायचो, "जेवलो." तिला त्यात काही वावगं वाटत नसे आणि माझं पोट खरोखर भरत असे.

मी पुरुषांच्या संघातून खेळतानाची क्लिप ऑफिसच्या ग्रुपवर फिरली. माझी रूममेट स्नेहल, तिचा भाऊ आमच्याच कंपनीत. त्यानं तिला पाठवली, तिनं काकूंना दाखवली. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी मला खाली बोलावणं आलं.

हॉलमध्ये काका पेपर घेऊन. काकू खुर्चीत. स्नेहल आणि दुसरी मुलगी सोफ्यावर, साक्षीला बसल्यासारख्या. मला बसा कुणी म्हणालं नाही.

"हं," काकू म्हणाल्या. "आपण नक्की कोण?"

वर्षभर मला अगं-तुगं करणारी बाई एकदम आपण म्हणायला लागली. पुण्यात आदर वाढला की समजावं, आता बाहेर काढणार.

मी म्हणालो, "मी मुलगा आहे काकू. मुलींच्या जागेत राहिलो, कारण दुसरीकडं जीव सुरक्षित नव्हता. वर्षभर कुणाला माझ्यामुळं त्रास झाला असेल तर सांगा."

सांगण्यासारखं काही नव्हतंच. स्नेहलच्या तापात दोन दिवस मीच तिला पेज करून दिली होती. ती सोफ्याच्या अभ्र्याचा दोरा उपसत बसली.

काकांनी पेपर खाली केला. "व्याकरणात तिसरंही लिंग आहे की. नपुंसक. 'आलं' म्हणावं. ते आलं, ते गेलं. मिटला वाद." आणि स्वतःच्याच विनोदावर खुसखुसले. दातांत अडकलेलं काहीतरी जिभेनं काढलं, पेपर परत वर केला. त्या खुसखुसण्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. एवढा ओंगळ आवाज मी दुसरा ऐकलेला नाही.

काकू म्हणाल्या, "आम्ही काही रानटी नाही. राहायचं तर राहा. पण ते धांगडधिंगे बंद. ओढणी घ्यायची. आणि या मुलींची माफी माग. ते कोल्हापुरी वळण पुरे झालं, शुद्ध मराठीत माग. म्हण, मी चुकले."

एक शब्द. तो म्हटला की खोली राहते. कडी राहते. जिभेला सवय होती. शाळेत, नोकरीच्या मुलाखतीत, दवाखान्यात शेकडो वेळा तिनं ते 'ले' उच्चारलं होतं. मी तोंड उघडलंसुद्धा. आणि घासात केस यावा तसा तो शब्द तोंडात आला. इतकी वर्षं मला वाटायचं, माझी किळस या लोकांना येते, आणि मी ती येऊ नये म्हणून अंग चोरून जगायचं. त्या हॉलमध्ये मला पहिल्यांदा कळलं की किळस मला येते. यांची. यांच्या स्वच्छ मनाची, शुद्ध मराठीची, त्या साहेबाच्या कॉफीची.

इथं दम धरायचा नव्हता. इथं बोलता येत होतं.

"मी चुकलो नाही."

काकूंच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "चुकले नाही."

"तेच म्हणतोय," मी म्हणालो. "आणि काकू, हे कोल्हापूरचं नाही. हे माझं आहे."

काकांचा पेपर हलायचा थांबला. स्नेहल तोंडावर हात दाबून बसली. काकू लाल झाल्या. मग म्हणाल्या, "सकाळी खोली रिकामी करा."

सकाळी मी बॅग घेऊन फाटकापर्यंत पोचलो नव्हतो तोवर माझी गादी गच्चीवर उन्हात पडलीसुद्धा. वळून बघितलं तर काकू ती काठीनं झोडत होत्या. वर्षभर त्याच गादीवर 'स्वच्छ मनाची' पोरगी झोपत होती.

आईला फोन केला. सगळं ऐकून ती म्हणाली, "म्हणायचं होतंस की एकदा चुकले. काय झिजलं असतं?" तिच्यावर मी रागावलो नाही. पण तिला सांगितलं, झिजलं असतं. खूप झिजलंय आधीच.

घर अजून मिळालेलं नाही. कँटीनमध्ये काम करणाऱ्या एका मित्राच्या येरवड्यातल्या खोलीत जमिनीवर पथारी टाकतो. न्हाणी सामायिक आहे, कडी नाही; मी आत असतो तेव्हा तो बाहेर बादलीवर बसून राहतो. खोल्या बघतोय. एजंट विचारतो, मुलासाठी की मुलीसाठी? मी पहिल्याच वाक्यात सांगतो, मुलासाठी, मीच तो, कागदावर मुलगी आहे, आता बोला. बहुतेक जण फोन ठेवतात. ठेवू देत. आडोसा करून राहणार नाही आता. भाडं भरीन, दार माझं असेल, कडी माझी असेल, आणि दारात कुणी विचारलं कोण आलं, तर मी आलो म्हणेन.

आणि शनिवारी कंपनीच्या कबड्डी सरावाला मैदानावर जातो. पहिल्या शनिवारी कप्तान मला बघून म्हणाला, "परत आलीस?"

"आलो," मी म्हणालो. "तू विचारलं होतंस ना, धरायचं कुठं? घोटा आहे, गुडघा आहे, कंबर आहे. सगळ्यांना धरतोस तिथंच धर. हात वर केलेस तर शिवून जाईन, आणि पॉइंट धरल्याशिवाय मैदान सोडणार नाही."

मी बूट काढले आणि मध्यरेषेवर जाऊन उभा राहिलो.