सुमनताईंच्या फोटोत काहीच नाही

चहा हातात आहे तोवर सांगून टाकतो. म्हणजे शेवटी निदान कपात तोंड लपवता येईल. तुम्हाला नव्हे, मला!

मी पाच वर्षं बंगळुरूला होतो. तिथे फोटो काढायला शिकलो, आणि त्याहून जास्त, दुसऱ्यांच्या फोटोंवर बोलायला शिकलो. शहापूरला परत आलो तो एकच ध्यास घेऊन: आपल्या तालुक्यात डोळस माणसं घडवायची. डोळस! हा शब्द तेवढा लक्षात ठेवा.

वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर रविवारी सकाळी आमचं फोटो मंडळ भरू लागलं. आठ-दहा माणसं. कुणी भातसानगरहून धरणाचे फोटो आणायचं, कुणी भाच्याच्या बारशाचे. सापगावचे गणपतकाका फक्त आपल्या बैलाचे आणायचे. बैलाचं नाव राजा, आणि तो प्रत्येक फोटोत डावीकडेच बघायचा.

मी नियम घालून दिले. आधी एक चांगली गोष्ट सांगायची, मग एक उणीव, मग एक सूचना. आणि सगळ्यात महत्त्वाचं: अभिप्राय संपेपर्यंत फोटो काढणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. बाकीच्यांनीही नाही. फोटोने स्वतः बोललं पाहिजे!

गणपतकाका म्हणाले, "म्हंजे तू एकटाच बोलनार."

"सुरुवातीला, काका."

तर एप्रिलअखेरचा रविवार. त्या दिवशी सुमनताई पहिल्यांदाच आल्या. सापगावाबाहेरच्या वाडीवर राहतात, गणपतकाकांच्या शेतावर मजुरीला जातात. फोनची काच तडकलेली, पण फोटो काढायची भारी हौस. त्यांचा फोटो मी टीव्हीवर लावला.

पाला.

नुसता वाळका पाला! पावसाआधी भाताचं रोप टाकायच्या तुकड्यावर शेण आणि पालापाचोळा पसरून जाळतात ना, तो राब. काकांच्या शेतातला. या टोकापासून त्या टोकापर्यंत तपकिरी.

मी घसा साफ केला. "चांगली गोष्ट: धाडस. इतकी साधी गोष्ट फोटोसाठी निवडणं सोपं नाही. उणीव: नजर कुठे ठेवायची तेच कळत नाही. फोटोला नायक नाही!"

सुमनताईंनी हात वर केला. मी हसून तो खाली करायला सांगितला. "नियम, ताई."

त्यांनी दोन्ही हात वर केले.

"आणि सूचना. हे बघा, उजव्या कोपऱ्यात ही मळकट गठळी आहे. उगाच लक्ष जातं तिच्याकडे." मी तो कोपरा सरळ कापून टाकला. "आता बघा! किती स्वच्छ!"

मागच्या रांगेतून कुणीतरी "आई गं!" म्हणालं. मला वाटलं, भारावले.

तेवढ्यात गणपतकाकांनी नियम मोडला. "चष्मा घरी ऱ्हायलाय माझा. तू एक सांग, त्या फोटोत काय हाय का नाय?"

"पाला आहे, काका. बाकी काहीच नाही."

"ऐकलंस सुमन? शिकल्यालं पोर सांगतंय! चार दिस माजं डोकं खाल्लंस." काका उठले, पायात चपला घातल्या. "जातो. ऊन चढायच्या आत राब पेटवतो."

आणि गेलेसुद्धा. मी पुढचा फोटो लावणार, तोच सुमनताई म्हणाल्या, "सर, संपलं? बोलू आता?"

"बोला ना! मोकळेपणाने!"

"तुमी कापलात ना, ती गठळी रातवा व्हती. पाखरू. अंड्यांवर बसलंय. काका राब पेटवनार म्हनून फोटो आनला व्हता, तुमी त्यांना सांगाल म्हनून."

खोलीतल्या आठही जणांनी माना डोलावल्या. आठही! म्हणजे सगळ्यांना दिसला होता आणि सगळे माझा नियम पाळत बसले होते.

मी कापलेला कोपरा परत आणला. सुमनताईंनी त्यावर बोट ठेवलं. मी बघितलं. डोळे बारीक करून बघितलं. पाला!

काकांचा फोन बंद. मग काय, बाइक काढली, सुमनताईंना मागे बसवलं आणि सापगावची वाट धरली. आणि मी कसला पठ्ठ्या बघा, वाटेतही त्यांना समजावत होतो, की सावल्यांमुळे माणसाला कधीकधी भास होतात.

त्यांनी एकच उत्तर दिलं. "गाडी पळवा, सर."

शेतावर पोचलो तर काका राबाच्या कडेला उकिडवे बसलेले, हातात काडेपेटी. वाऱ्याने दोन काड्या विझवल्या होत्या, तिसरी हातात होती. मी ओरडलो, "काका, थांबा!" आणि तसाच बुटांसकट राबात घुसलो. "कुठे आहे? दाखवा!"

मागून कुणीतरी माझी कॉलर धरली.

"पाय हलवू नका," सुमनताई अगदी हळू म्हणाल्या. "डाव्या बुटाच्या म्होरं बघा."

"पालाच आहे, ताई."

"पाला नका बघू. पाल्यातून तुमाला कोन बघतंय ते बघा."

आणि पाल्याने डोळा उघडला.

आधी फक्त ती काळी फट. मग तिच्याभोवती डोकं जमलं, मग पाठ, मग मिटलेले पंख. वाळक्या पानाची शीर असते ना, तशी रेघ. पान कडेला पांढुरकं पडतं, तशी कड. एकेक पीस जणू त्याच राबातून वेचून लावलेलं. पोटाखाली अंड्याची जराशी कड. बुटापासून वीतभर अंतरावर माझ्यासारखा दांडगा माणूस, पलीकडे काका काडी घेऊन, आणि ते पाखरू जागचं हललं नाही. फक्त छाती खालीवर होत होती. मी श्वास रोखला होता, ते मात्र घेत होतं.

पाच वर्षांत मी इतकी चित्रं पाहिली, पण कुठल्याही चित्रासमोर माझी बोलती बंद झाली नव्हती. त्या दिवशी झाली.

काका घरून चष्मा घेऊन आले. कमरेत वाकले.

"अगो, खरंच हाय की!" काडेपेटी खिशात गेली. "ऱ्हाऊ दे. पिल्लं उडाली की सांग सुमन. पन नीट बघून सांग गो, मिरगाचा पाऊस माज्यासाठी थांबनार नाय." मग माझ्याकडे वळले. "आनि तू रे? एवढ्या लांब जाऊन काय बघून आलास?"

मी सुमनताईंना विचारलं, "तुम्हाला दिसला कसा?"

"पाला मीच वाहून आनला, सर. डोक्यावरनं. माज्या वळखीचा हाय. जो वळखीचा नाय, तो पाला नाय."

मी सुधारलो म्हणता? ऐका तर.

महिन्याभराने, पुन्हा रविवार. सुमनताईंनी पुन्हा फोटो आणला. पुन्हा तोच राब, पुन्हा पाला. गप्प बसायचा नियम मी कधीच काढून टाकला होता, पण मंडळाला आता तो फार आवडायला लागला होता. कुणी बोलेना. काका चष्मा लावून पहिल्या रांगेत.

या वेळी मी घाई केली नाही. टीव्हीजवळ गेलो. नजर मुरू दिली. आणि दिसला! मग दुसराही दिसला!

"मित्रांनो," माझा आवाज भरून आला, "डावीकडे आई, उजवीकडे बाप. ही पंखाची कड बघा! हा मिटलेला डोळा बघा! या फोटोतलं एक पानसुद्धा कापायची माझी हिंमत नाही. उणीव नाही. सूचना नाही. मी फक्त नमस्कार करतो." आणि खरोखर हात जोडले.

सुमनताईंनी पदर तोंडाला लावला होता.

"सर, संपलं?"

"संपलं, ताई."

"पिल्लं काल उडाली. राब मोकळा झाला, आता पेटवा, हे काकांना दावायला फोटो काढला. त्यात काय पन नाय."

गणपतकाकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि खिशातून काडेपेटी काढून माझ्यासमोर धरली.

"मग काय करू रे? पेटवू, का तुजी दोन उडायची वाट बघू?"