कळकट कडांचं पुस्तक

पुस्तक हातात घेतलं की अण्णा त्याचं नाव बघत नसत. बंद पुस्तक आडवं धरून पानांच्या कडेवरून अंगठा फिरवत. "मळ इथपर्यंतच हाय, सर. पोरं तिसऱ्या धड्यातच बुडाली. हे नको."

बीदरच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजचं ग्रंथालय ते सांभाळत. शिक्षण दहावी, गाव संतपूर. पुस्तक न वाचता त्याची पारख करणारा असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल.

मी नवा होतो. इलॅस्टिसिटी शिकवणारे मोठे सर सत्राच्या मध्यावरच वारले आणि विषय माझ्या गळ्यात आला. लोखंड ओढलं, दाबलं तर किती लांबतं, किती दबतं आणि सोडल्यावर मूळ आकारात कसं येतं, त्याचं हे गणित. परीक्षेपुरतं मी ते पाठ केलं होतं, समजलं कधीच नव्हतं. पहिल्याच तासाला एका मुलीनं विचारलं, "सर, ही पायरी कुठून आली?" मला सांगता आलं नाही. विभागप्रमुखांनी बोलावून बजावलं, असंच चाललं तर पुढच्या सत्राला दुसरा माणूस बघू.

"अण्णा, अगदी पहिल्यापासून समजावणारं पुस्तक पाहिजे."

त्यांनी तीन काढली. एकात नुसती सूत्रं. दुसऱ्याची भाषा गोड, पण सोडवायला एक उदाहरण नाही. तिसऱ्याची शिवण सुटलेली, कड शेवटपर्यंत काळी.

"हे घ्या. घरी न्यायचं न्हाई, इथंच बसून वाचायचं. मोठे सर इथंच बसायचे."

समासात पेन्सिलीनं बारीक तिरप्या अक्षरात मराठीत लिहिलेलं होतं. 'घाई करू नकोस. आधी एका पट्टीवर जोर लाव, मग चौकोनावर ये.' मी अडायचो तिथंच टिपण असायचं. मोठ्या सरांचं असेल म्हणून वाचत गेलो. वर्ग रुळला. ती मुलगी आता मान हलवून वहीत उतरवून घ्यायची.

चौथ्या धड्यात एका पानावर दिवसभर अडलो. समास कोरा होता, मी नीट पाहिला होता. दुसऱ्या दिवशी तिथं लिहिलेलं होतं : 'तुझं चिन्ह चुकलंय. दुसरी ओळ बघ.'

मी वही काढली. दुसऱ्या ओळीत चिन्ह चुकलं होतं. ती वही रात्रभर माझ्या घरी होती.

"अण्णा, या पुस्तकात कोण लिहायलंय?"

"कामून? चुकीचं लिहिलंय का?"

"नाही. बरोबर आहे."

"मग वाचा की."

हे अण्णांचेच उद्योग, असं मी मनाशी ठरवलं. दुसरं काही ठरवायचं धैर्य नव्हतं.

मग ते आठवडाभर आले नाहीत, म्हणून मी संतपूरला गेलो. दुपारच्या उन्हात ते बाजेवर पडले होते. नव्या पुस्तकांची यादी मी त्यांच्यापुढे धरली. चहा घेऊन आलेल्या त्यांच्या बायकोनं ती हळूच बाजूला केली.

"त्यांला कामून दाखवायलाव, सर? दोन वर्षं झाली, अक्षर दिसत न्हाई त्यांला. काढून टाकतील म्हणून कॉलेजात सांगितलं न्हाई."

चहाचा कप माझ्या हातात तसाच राहिला. अण्णा भिंतीकडे तोंड करून हसले.

"मी काय करायलो, सर? जाताना ते पुस्तक टेबलावर उघडं ठेवायलो, एवढंच. मोठे सर गेले तवापासून."

"उघडं कशाला?"

"त्यांचं शिकवणं अर्ध्यात राहिलं होतं की." त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. "आता किती उरलंय?"

"एक धडा."

"लवकर उरका मग."

मला ते जमलं नाही. परीक्षा आल्या, पेपर तपासणं आलं. तुरी काढणीला आल्या तेव्हा अण्णा गेले.

नोकरी टिकली. पण शेवटच्या धड्यात मी अजून पाचव्या पानावर अडलेलो आहे. संध्याकाळी ते पान उघडं ठेवून घरी जातो आणि सकाळी कुणी यायच्या आत पोचतो. समास कोरा असतो.

वर्गात त्या पानाशी आलो की खडू खाली ठेवतो आणि मुलांना म्हणतो, "हे मलाही येत नाही. आपण सगळे मिळून बघू."