मे महिन्याच्या पानावर

आमच्या स्टाफरूममधली रेहाना गेल्याचं कळलं तेव्हा तिसरा तास चालू होता. दहावीची सराव परीक्षा होती आणि मी वर्गात पर्यवेक्षणावर होते. शिपाईमामांनी दारातून खुणेनं बोलावलं, हळू आवाजात सांगितलं आणि वर म्हणाले, "मोठ्या बाईंनी सांगितलंय, दोघींनी जा, बाकीच्यांनी शाळा सुटल्यावर." त्या दोघींत मी नव्हते. माझा वर्ग कोण बघणार... संध्याकाळी मांडवीला तिच्या घरी पोचले तेव्हा मयत कधीच उचलली होती. आतल्या खोलीत बायका बसल्या होत्या. तिची मुलगी सना माझ्या गळ्यात पडली. मला रडू आलं, आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त राग आला.

आमची शाळा विनाअनुदानित. जूनमध्ये नेमणुकीची ऑर्डर मिळते, एप्रिलअखेर ती संपते आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा कोरी ऑर्डर. त्यामुळे कितीही वर्षं शिकवलं तरी आम्ही कायम नव्याच. बाळंतपणाची रजा कायद्यात आहे हे नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या आम्हाला काय ठाऊक नव्हतं? पण मागायची कोणी? म्हणून आमच्या स्टाफरूमनं स्वतःपुरता तोडगा काढला होता. बाळं मे महिन्यात व्हायची. गणपतीच्या आसपास दिवस राहिले तर ठीक, नाहीतर पुढच्या वर्षी बघू. शाळा उघडली की जूनमध्ये सगळ्यांच्या मुलांचा मिळून एकच केक कापायचा. बाहेरचं कुणी विचारलं तर आम्ही हसून म्हणायचो, आमच्याकडे हापूस आणि पोरं एकाच मोसमात. रेहानाचं मात्र जमेना. तिचा नवरा इक्बालभाई जहाजावर. कंपनी सोडेल तेव्हा घरी येणार, कधी डिसेंबरात, कधी ऐन परीक्षांत. "शाळेचा मेळ बसवू का जहाजाचा, तूच सांग गो," ती म्हणायची. म्हणताना हसायची, पण लग्नाला वर्षं होत चालली होती आणि सासूबाईंचं बोलणं रोजचं झालं होतं.

शेवटी दिवस राहिले ते भलत्याच वेळी. बाळ नोव्हेंबरात येणार होतं. तिनं रजेचा अर्ज केला, आमच्या शाळेतला पहिलाच. अक्षर माझं बरं म्हणून तिनं सांगितलं आणि मी लिहिलं. नुसती विनंती नव्हती, "माझा हक्क आहे" असं वाक्य तिनं मुद्दाम घालायला लावलं. संस्थेच्या अध्यक्षांनी अर्ज वाचून टेबलावर पालथा ठेवला आणि गोड आवाजात म्हणाले, "ताई, तब्येत सांभाळा. जूनमध्ये या, बघू." जूनमध्ये ती तान्ह्या सनाला घेऊन फाटकाशी आली तेव्हा तिच्या वर्गावर दुसरी बाई शिकवत होती. मग बरीच वर्षं घरी शिकवण्या... सना मोठी झाल्यावर ती आमच्याकडेच परत आली, सगळ्यांत कमी पगारावर. दुसरी शाळा होती कुठे? आल्यावर मात्र तिनं एक रीत पाडली. दर नोव्हेंबरात खोबऱ्याच्या वड्यांचा डबा आणायची आणि सगळ्यांना बजावायची, "खावा, बिनमेच्या पोरीच्या वाढदिवसाच्या हायत."

गेल्या गणपतीत तिच्या छातीत गाठ लागली. मला हात लावून बघायला लावलं. मी म्हटलं, उद्याच्या उद्या डॉक्टरकडे चल. "आता रजा कोण देतंय गो? जागा गेली तर परत फाटकाशी उभी राहू? मे म्हयन्यात बघू." मी भांडले, अबोला धरला, सनाला सांगून टाकलं. सगळं करून झालं. जानेवारीत नवं कॅलेंडर तिनंच आणून लावलं, दरवर्षीसारखं. मेच्या पानावर सगळ्यांच्या मुलांचे वाढदिवस लिहिले आणि खाली एका सोमवारच्या शेजारी लिहिलं, "मुंबई, डॉक्टर." फेब्रुवारी तिला पुरला नाही.

ते कॅलेंडर अजून स्टाफरूममध्ये आहे. परवा मधल्या सुट्टीत तेजल, आमची सगळ्यांत लहान शिक्षिका, त्याच्याशी जाऊन उभी राहिली. लग्नाला वर्ष झालंय तिच्या. तिनं पानं उचलून मे काढला, रेहानाचं अक्षर दिसल्यावर पानं पुन्हा खाली सोडली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "बाई, माझं ऑक्टोबरात आहे." माझीही ऑर्डर एप्रिलपर्यंतचीच. मी नुसती खुर्ची पुढे केली. ती बसली आणि तिनं विचारलं, "रेहाना बाईंनी तेव्हा अर्जात काय लिहिलं होतं, आठवतं तुम्हाला?"

आठवतं, म्हटलं. घंटा झाली होती, पण आम्ही दोघी उठलो नाही.