काकूंच्या जिभेवरचे मासे

मिनेसोटाच्या उत्तरेला आम्ही दर उन्हाळ्यात ज्या तळ्यावर जातो, ते तळं कसलं, पाणी शिंपडलेलं रानच. पाणवेली इतक्या दाट, की मी चपला घालून पलीकडच्या काठाला चालत जाऊन आलोय. पाय कोरडे. तेव्हा कुणी बघत नव्हतं, हे माझं नशीब.

मी आणि बायको कॅरीहून येतो, मित्र अ‍ॅशबर्नहून. सोबत त्याची आई, म्हणजे काकू. त्या मालवणहून उन्हाळ्यापुरत्या मुलाकडे येतात. आमची एक शर्यत असते: दिवसभरात जास्त जातींचे मासे कोण धरतो. आकारावर शर्यत लावायची नाही असा ठराव आहे. तो कुणामुळे झाला, ते सोडा. जिंकेल त्यानं पुढच्या शर्यतीपर्यंत रांधायचं, हरेल त्यानं मासे साफ करायचे. रांधणाऱ्याला वाहवा मिळते, साफ करणाऱ्याला केबिनमागचे डास, एकेक चिमणीएवढा. गेली कैक वर्षं त्या डासांचं पोट माझ्यावर चाललंय.

निवाडा काकूंचा. इथल्या माशांची नावं पहिल्या वर्षी कुणालाच धड येईनात, तेव्हा त्यांनी नियम घातला: चव वेगळी, तर जात वेगळी. म्हणून आधी गेल्या वेळचा विजेता सगळं शिजवतो, मग त्या चाखून मोजतात.

यंदा मात्र साफ करताना मी डोळे उघडे ठेवले. मित्राच्या बादलीत ब्लूगिल, पर्च, बास आणि आपल्या शिंगाळ्यासारखा मिशाळ बुलहेड. चार जाती. माझ्याकडे त्या चारही, वर एक पाइक. तो एवढा, की बोट त्यानंच ओढत धक्क्याला लावली. म्हणजे पाच. जिंकलो होतो मी.

जेवताना काकू म्हणाल्या, "त्याचे सहा. तुझे तीन."

माझ्या हातातली भाकरी थांबली. मित्र मान खाली घालून वाढत होता, आणि हा माणूस एरवी मान खाली घालत नाही. मला वाटलं, गावातल्या दुकानातून विकत आणले. हात धुण्याच्या निमित्तानं त्याच्या गाडीतला कूलर तपासला: बीअर आणि कोकम. कचऱ्याची पिशवी उपसली. बायको म्हणाली, यार, काय हरवलंय तुझं? मग किचनमध्ये गेलो आणि ओट्यावर सगळं उघडं पडलेलं दिसलं. एकच ब्लूगिल तीन भांड्यांत: तिरफळ घालून कालवणात, रवा लावून तव्यावर, लसूण-मिरचीत तिसऱ्यांदा. आणि माझे पाच? सगळे एकाच वाटणात बुडवलेले.

काकू बाहेर धक्क्यावर स्वेटर घालून बसल्या होत्या. मी शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं, यंदा पहिल्यांदाच काहीही न वाढवता.

त्या पाण्याकडेच बघत म्हणाल्या, "अरे, समुद्राकाठी जन्म गेला माझा. रव्यात लपवलेला मासा मला कळत नाही होय?"

"मग काकू, सहा कसे मोजलेत?"

"जिंकेल तो रांधतो ना? मागे आम्ही कॅरीला आलो होतो, तेव्हा तू पोहे केले होतेस." एवढं बोलून त्यांनी स्वेटरची बटणं लावली. मग म्हणाल्या, "त्याला सांगू नकोस. आईला फसवलं म्हणून खूश आहे बिचारा."

आत गेलो, तिन्ही ब्लूगिल दोन-दोनदा खाल्ले, आणि खरं सांगतो, चवीला तीन वेगळे मासेच होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा केबिनमागे, सुरी आणि डास.

पण खवले काढता काढता एक आठवलं. त्या पोह्यांत मीठ दोनदा पडलं होतं, आणि मी एकदाच घातलं होतं. त्या सकाळी माझ्या किचनमध्ये मदतीला म्हणून हाच 'बिचारा' उभा होता, तेही आठवलं.